विरजण मागणारी हडळ

वैभवीची चिमुकली राखी दुपारी दीडला झोपे आणि अडीचला उठे. चोवीस तासांत वैभवीच्या वाट्याला येणारा तेवढाच एक तास. त्यात ती केस विंचरी, गार झालेला चहा पुन्हा गरम करी, नाहीतर नुसती भिंतीला टेकून बसे. आज तो तास तिच्या दिराने, भागवतने मागून घेतला होता. कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्याला भुताचा सिनेमा करायचा होता आणि रिठद गावात दुसरी कोणी हडळ व्हायला तयार नव्हती.

"राखी उठली त मंग पाहा, भाऊजी," एवढंच ती म्हणाली.

गोष्ट सासूबाईंची, विमलबाईंची. नाल्यातली हडळ दिवेलागणीला दारात येऊन विरजण मागते आणि जे घर देईल, त्या घरच्या लेकराची झोप घेऊन जाते. गावात अजूनही त्या वेळी कोणी कोणाला विरजण देत नाही.

भागवतने खिडक्यांना ताडपत्री लावून भर दुपारी दिवेलागण केली. वैभवीच्या तोंडाला पावडर, डोळ्यांभोवती काजळ फासलं. विमलबाईंनी तिला बघून किंचाळायचं, एवढंच काम होतं. मोबाईल सुरू झाला. हडळ उंबऱ्यावर आली.

"विरजण द्या."

"अवं आत ये न माय, उंबऱ्यावर काहून उभी?"

"आई, हडळ हाये ते."

"असू दे न. दारात आलेल्या बाईले उभं ठेवत असतेत काय?"

दुसऱ्या वेळी विमलबाईंनी डोळे मोठे केले, तोंड उघडलं आणि त्यांची नजर सुनेच्या कपाळावर गेली. त्यांनी देवळीतून कुंकवाची डबी काढली.

"हडळीले कुंकू नसते, आई."

"माह्या सुनेले असते."

कुंकू राहिलं. मग भागवतने हडळीलाच किंचाळायला सांगितलं. पलीकडच्या खोलीत राखी झोपलेली, म्हणून वैभवी कुजबुजत किंचाळली.

"वैनी, हे हडळ हाये का डास?"

"आमची हडळ वरडत नाही रे," विमलबाई म्हणाल्या. "हळू बोलते. म्हणून त भेव वाटते."

"हळू बोलली त परीक्षक झोपून जातीन."

"कोणाले त झोपू द्या," वैभवी म्हणाली.

घड्याळात दोन वाजून गेले होते. आई दचकत नाही म्हटल्यावर भागवतने शेवटचा उपाय काढला. मोबाईल कोनाड्यात टेकवला आणि आईच्या पाठीमागे जाऊन पितळेची परात फरशीवर सोडली.

विमलबाई जागच्या हलल्या नाहीत. "परात पडली तुह्या हातची. पोचा पडला का पाहा."

पलीकडे राखीने भोकाड पसरलं.

वैभवी आत गेली आणि लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. काजळ घामाने गालांवर उतरलेलं, सुटलेले केस राखीच्या मुठीत. तिने परातीकडे पाहिलं, मग दिराकडे. अगदी हळू आवाजात विचारलं,

"कोणं उठवलं हिले?"

भागवत दोन पावलं मागे सरकला. विमलबाईंनी मुकाट्याने शिंक्यातून विरजणाची वाटी काढली आणि सुनेपुढे धरली. "घे माय. सगळंच घे."

कोनाड्यातला मोबाईल चालूच होता.

स्पर्धेत सिनेमाचं नाव कुठेच लागलं नाही. गावात मात्र तो घरोघरच्या मोबाईलवर फिरला. कुंकवाच्या प्रसंगाला तर लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पण शेवटच्या चाळीस सेकंदांना कोणी हसत नव्हतं. गल्लीतला खेमा आपली मोटारसायकल त्या घरावरून बंद करून ढकलत नेऊ लागला. दीड वाजला की गल्ली आपसूक आवाज उतरवी. वैभवीने सलग चार दिवस चहा पहिल्या वाफेला प्यायला.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या हेमलाबाईंना विरजण हवं होतं. त्यांनीही सिनेमा पाहिलेला. त्यांनी चपला अंगणाबाहेरच काढल्या, दबक्या पावलांनी उंबऱ्याशी आल्या आणि पाठमोऱ्या बसून लसूण सोलणाऱ्या विमलबाईंच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या,

"विरजण द्या न, बाई."

विमलबाई अशा किंचाळल्या की नाल्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली.

"हेच," भागवत पळत येऊन हताशपणे म्हणाला. "आई, हेच पायजे होतं मले."

आत राखी रडायला लागली. मग बांगड्या वाजल्या आणि पावलं जवळ येऊ लागली.

तिघांपैकी एकानेही तिकडे वळून पाहिलं नाही.