बिनपत्त्याचं पाकीट

प्रवचनातून उठताना शिक्केबापूंनी ठरवलं ते एवढंच, की उद्यापासून जे करायचं ते प्रेमानं करायचं. आता यात वाईट काय? काही नाही. पण पोस्टात पाकिटांवर शिक्के मारण्यात ज्याची वीस वर्षं गेली, त्यानं एकदा ठरवलं की शाई वाळायच्या आत ते पक्कं होतं.

प्रवचनकार म्हणाले होते, "प्रेमावाचून केलेली सेवा म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट. देवापर्यंत पोचत नाही, आणि घरच्यांपर्यंतही नाही." लोकांनी माना डोलावल्या आणि चपला शोधायला गेले. बापू मात्र चपला विसरून तिथंच उभे राहिले. बिनपत्त्याच्या पाकिटांचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? खिडकीखालच्या लाकडी पेटीत पडून राहतात, उंदीर कडा कुरतडतात. म्हणजे देवापुढे लावलेले इतके दिवे, वडिलांचे चेपलेले पाय, बायकोला आणून दिलेली भाजी, सगळं त्या पेटीत? (दिवाही ते शिक्का मारल्यासारखाच लावत, हे खरं. काडी, वात, नमस्कार, पुढचा!)

नेमका दुसरा दिवस मोठा होता. आबांचं, म्हणजे बापूंच्या वडिलांचं, पायाचं प्लास्टर कापायचं होतं. सहा आठवडे म्हातारा तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेला. आतल्या खाजेनं जीव नकोसा झालेला. प्लास्टर कापणारा बारापर्यंतच असे, आणि त्यानंतर थेट पुढच्या आठवड्यात. आबा सकाळी सहापासून इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत तयार होते.

बापू देवासमोर पेटती काडी धरून उभे.

"अहो, लावा की," बायको म्हणाली.

"थांब. प्रेम येऊ दे."

प्रेमाच्या आधी जाळ बोटापर्यंत आला. "आई गं!" बापू ओरडले. (त्या सकाळी देवाला पोचलेली तेवढीच खरी हाक.) दिवा तसाच राहिला.

मग ते आबांसमोर स्टूल घेऊन बसले आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागले.

"काय बघतोस?"

"प्रेम येतंय का बघतोय."

"मला खाज येतेय! उचल आधी."

"कर्तव्य म्हणून उचललं तर उपयोग नाही, आबा. पोचणार नाही."

"पोचायला काय झालं? दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे!"

बापूंनी डोळे घट्ट मिटले. लहानपणी आबांनी खांद्यावर बसवलं असेल, ते आठवू लागले. आठवलं काय, तर फुटलेली काच आणि कानाखाली निघालेला आवाज.

"आलं का काही?" बायकोनं विचारलं.

"राग."

"बरं मग, सव्वाअकरा झालेत."

"घाई केली की ते कर्तव्य होतं. आल्याशिवाय मी हलणार नाही."

"सूनबाई," आबा म्हणाले, "माझी काठी दे. हा बसू दे इथं त्याच्या प्रेमाची वाट बघत."

बापूंनी डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. जिन्यातून धप, धप असा आवाज येत होता. धावत जाऊन बघतात तर आबा बसल्या बसल्या एकेक पायरी उतरताहेत, प्लास्टरचा पाय पुढे, आणि तो पाय दोन्ही हातांत धरून बायको उलट्या पावलांनी खाली चाललेली. एवढ्यात आबांच्या हातून काठी निसटली ती थेट तळमजल्यापर्यंत खडखडत गेली. आबाही घसरले.

पुढचं बापूंना नीट सांगता येत नाही. आबा पाठीवर कधी आले, ठाऊक नाही. एका पायात बायकोची चप्पल कशी आली, तेही नाही. दोन गल्ल्या ते धावत सुटले.

"बापू, आलं का रे प्रेम?" आबांनी कानाशी विचारलं.

"गप्प बसा, आबा! आणि गळा सोडा, जीव जाईल माझा!"

प्लास्टर कापणारा एप्रन काढून निघालाच होता. "आता पुढच्या आठवड्यात या."

एरवी साहेबांसमोर तोंड न उघडणारे बापू दार अडवून उभे राहिले. "सहा आठवडे बसून आहे हा माणूस. सहा! आज कापल्याशिवाय मी हलणार नाही." आबा अजून पाठीवरच होते. त्या माणसानं एप्रन पुन्हा चढवला.

आबांनी आधी मनसोक्त पाय खाजवून घेतला, मग मागोमाग पोचलेल्या सुनेच्या आधारानं, पण स्वतःच्या पायांनी घरी आले. बापू आले ते काटकोनात. कंबर धरली होती.

संध्याकाळी बायकोनं जाता जाता दिवा लावला. बापू अंथरुणातून कण्हले, "अगं, पाणी."

ती पेला घेऊन आली आणि दारातच डोळे मिटून उभी राहिली.

"काय झालं?"

"थांबा. येऊ दे."

"घसा कोरडा पडलाय माझा!"

"असू दे. बिनपत्त्याचं कशाला देऊ?" म्हणून ती एवढी हसली की निम्मं पाणी उशीवर सांडलं. उरलेलं तिनं मान उचलून पाजलं.

मागून आबा तेलाची बाटली घेऊन आले. "पालथा हो."

त्यांनी कंबरेवर हात टाकला. धप्प! धप्प!

"आबा, हळू! जरा प्रेमानं!"

"प्रेमानंच चाललंय," आबा बाह्या सारत म्हणाले. "कर्तव्य म्हणून करत असतो, तर एवढा जोर लागला असता का रे?"