युसुफ चाचांनी न पाहिलेले गोल

लेक बिलकीस हिच्या मुलीचा, दुआचा, अकीका म्हणजे बारसं झालं, ते साल दोन हजार सोळा. नातीच्या अकीक्याचं जेवण उरकून युसुफ चाचा अबुधाबीहून दुबईच्या अल क्वोजला परत आले, तर त्यांच्या लाँड्रीच्या बंद शटरवर कुणीतरी फुटबॉल मारत होतं. शेजारच्या गोदामाचा वॉचमन गॉडविन, नायजेरियाचा. त्याचा हा धाकटा भाऊ इकेन्ना. बेल्जियमच्या एका क्लबाने त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं आणि व्हिसाचे कागद येईपर्यंत तो भावाकडे उतरला होता.

कागद यायला चाळीस दिवस लागले. इकेन्नाजवळ एकच जर्सी होती, नऊ नंबरची. चाचा ती रोज धुऊन इस्त्री करून देत. शटरबद्दल चाचा पहिल्या दिवशी रागावले, दुसऱ्या दिवशी नुसतेच बडबडले, आणि महिनाभरात आतून कपडे मोजता मोजता आवाजावरून सांगू लागले की हा डाव्या पायाचा, हा उजव्या पायाचा. तो विमानात बसला त्या संध्याकाळी शटर गप्प होतं आणि चाचा कपडे मोजताना दोनदा चुकले.

इकेन्ना बेल्जियममध्ये स्ट्रायकर म्हणून राहिला. दुसऱ्या श्रेणीचा संघ, एका वर्षाचा करार. स्ट्रायकरने गोल करायचे. नाही केले तर वर्षाअखेर घरी. लाँड्रीमागच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी त्याचे सामने बघायचा रिवाज पडला. सोमनाथ एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो लॅपटॉपवर सामना शोधून देई. सिन्नरकडचा गवंडी दगडू चहा करी. गॉडविन नखं खाई. चाचांची इच्छा एवढीच होती, की या मुलाचा एक गोल डोळ्यांनी बघावा.

पाच सामने गेले, गोल नाही. सहाव्या सामन्यात चाचांना जळका वास आला. दुकानाच्या पुढच्या भागात इस्त्री चालू राहिली होती. ते धावले, इस्त्री उचलली, आणि ती हातात असतानाच मागच्या खोलीतून तिघांचा नव्हे, चाळीस जणांचा वाटावा असा आवाज आला.

चाचा आत जायला वळले, तर दगडू दारात हात आडवा करून उभा. "चाचा, हलायचं न्हाई. जो जिथं हाय, तिथंच."

क्रिकेटच्या सामन्यात हे दगडूच्या गावी सगळेच पाळत. कुणी संडासात असताना षटकार बसला, तर त्याने संडासातच बसायचं. चाचांनाही हे ठाऊक होतं, शारजात सामने व्हायचे तेव्हा त्यांनी स्वतः मेव्हण्याला दोन तास जिन्यात उभं केलं होतं. ते निमूट उभे राहिले.

पुढच्या शनिवारी ते आत बसले. मध्यंतरापर्यंत शून्य. दगडूने चहाचा कप चाचांच्या हातात दिला तो दाराकडे बघत. चाचा उठून बाहेर गेले. काही झालं नाही. मग सोमनाथने मुद्दा काढला की गेल्या वेळी हातात इस्त्री होती. चाचांनी इस्त्री उचलली. सात मिनिटांत गोल.

गॉडविन चर्चमध्ये जाणारा माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. तो बाहेर आला, चाचांचे खांदे धरले आणि म्हणाला, "चाचा, सॉरी. आप बाहर."

झालं, खलास. त्या दिवसापासून चाचा कायमचे बाहेर.

पुढली पाच वर्षं इकेन्ना बेल्जियमहून पोर्तुगालला गेला, पोर्तुगालहून पोलंडला. एकोणचाळीस गोल केले. चाचांनी त्यातला एकही पाहिला नाही. संध्याकाळी इस्त्री हातात धरून ते दुकानापुढे उभे राहत. समोर रिकामा प्लॉट होता, वाळूचा, पलीकडे गोदामांची रांग. मगरिबच्या नमाजाच्या सुमारास त्या वाळूवर गुलाबी उजेड पसरे आणि चाचांना ती वाळू गवतासारखी दिसू लागे. आतून गॉडविनचा श्वास ऐकू आला की समोर इकेन्ना धावत निघे. एका हिवाळ्यात सोमनाथ म्हणाला की पोलंडमध्ये बर्फ पडतंय, तर त्या दिवशी प्लॉटवर बर्फ पडलं आणि त्यात इकेन्नाच्या पावलांची रांग उमटली, थेट गोलपर्यंत. आत जल्लोष झाला की चाचा मान डोलावून म्हणत, "डावा पाय." सोमनाथ लॅपटॉपवर बघून सांगे, "डावाच." डोक्याने मारलेल्या गोलांच्या वेळी मात्र ते चुकत, शटरवर त्याने डोकं कधी आपटलं नव्हतं.

दोन हजार बावीसमध्ये चाचांचं हृदय कुरकुरलं. बिलकीसने लाँड्री विकायला लावली आणि त्यांना अबुधाबीला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. अल क्वोजमध्ये त्यावर मोठी चर्चा झाली. दगडूचं म्हणणं, अबुधाबी म्हणजे खोलीच्या बाहेरच, तेव्हा काळजी नाही. सोमनाथचं म्हणणं, चाचा तिथल्या घरात बसले तर ते आतच धरले पाहिजेत. दोन सामने कोरडे गेल्यावर सोमनाथचं खरं ठरलं. शनिवारी फोन आला.

"चाचा, घरात हाय का?"

"घरात आहे, दगडूभाऊ."

"मग बाहेर व्हा. इस्त्री घ्या."

चाचा बिलकीसची इस्त्री घेऊन सातव्या मजल्याच्या लिफ्टसमोर उभे राहिले. दुआ आत टॅबवर सामना लावून बसली. इकेन्नाने गोल केला.

मोसमभराचे शनिवार असेच गेले. लिफ्टमधून येणारी-जाणारी माणसं बघत, की एक म्हातारा हातात इस्त्री घेऊन भिंतीकडे बघत गोड हसतोय. इमारतीच्या वॉचमनने त्यांना खुर्ची आणून दिली. चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी बिर्याणीचा डबा दिला. त्याच्याही वरच्याने, म्हाताऱ्याला काम मिळावं म्हणून, आपले दोन शर्ट दिले आणि कुणाला सांगू नका म्हणाला. चाचांनी ते इस्त्री करून परत केले, त्यामुळे पुढच्या शनिवारी नऊ शर्ट आले.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या संपदाताईंनी बिलकीसला गाठलं. "मी बोलणार नव्हते गं. पण वडील आहेत ते. वीकेंडला घराबाहेर काढायचं, आणि वर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायला लावायची? आमच्या ग्रुपवर सगळे विचारतायत."

बिलकीस घरात आली ती पांढरीफटक. तिने इस्त्री कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये घातली. म्हणाली, "अब्बा, आजपासून शनिवारी तुम्ही सोफ्यावर. लोक मला काय समजतात माहीत आहे तुम्हाला?"

चाचांनी समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दरवाज्याला आतून कडी लावली.

तो मे दोन हजार तेवीसमधला मोसमाचा शेवटचा सामना होता. इकेन्नाचा करार संपत होता. गुडघा दुखायला लागला होता, वय सव्वीस. गोल झाला तर आणखी एक वर्ष मिळणार होतं, नाहीतर परतीचं तिकीट. गॉडविनने ते सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

चाचा सोफ्यावर बसले आणि त्यांनी इतक्या वर्षांनी इकेन्नाला पुन्हा खेळताना पाहिलं. अंगाने किती भरला होता. धावताना किंचित लंगडत होता, ते आवाजावरून कधी कळलं नव्हतं. गवत खरोखरचं हिरवं होतं. चाचांचे डोळे भरून आले. इकेन्नाने दोन सोपे चेंडू बाहेर मारले.

फोन वाजला. दगडू विचारत होता, चाचा कुठं हायेत. चाचांनी बिलकीसकडे बघितलं. "बाहेर आहे," ते म्हणाले. त्यांना स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. इकेन्नाने चेंडू हातात घेतला, खाली ठेवला, मागे सरकला. दुआ उशी कवटाळून म्हणाली, "नाना, लुक. ही विल स्कोअर नाऊ."

एवढ्या वर्षांची इच्छा समोर टॅबवर उभी होती, नऊ नंबरची जर्सी घालून. चाचा उठले.

"अब्बा," बिलकीस म्हणाली.

"बेटा, दोन मिनिटं. त्याची रोजी आहे."

मग तिने पर्स उघडली, कपाटाचं कुलूप काढलं आणि इस्त्री त्यांच्या हातात दिली. कडीही तिनेच काढली. चाचा लिफ्टसमोर जाऊन उभे राहिले. समोरची भिंत हळूहळू वाळू झाली, वाळूवर गुलाबी उजेड आला, आणि शटरवर एकदाच, लांबून, धप्प झालं. उजवा पाय. मग आतून दुआचा आवाज आला. दार उघडून संपदाताई बाहेर डोकावल्या, तर बिलकीस आणि तिचे वडील लिफ्टपाशी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. ताईंनी हळूच दार लावून घेतलं.

इकेन्नाला ते एक वर्ष मिळालं, ते बरंचसं बाकावर बसून गेलं. दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये खेळ संपवून घरी परतताना तो गॉडविनला घेऊन अबुधाबीला आला. चाचांसाठी शेवटची जर्सी आणली होती, चुरगळलेली. चाचांनी आधी ती इस्त्री केली आणि मग बसले. म्हणाले, तुझी ती पेनल्टी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तू डावीकडे बघितलंस, कीपर फसला, आणि तू उजव्या पायाने अलगद वर टाकलास, बॉल जाळीत जाऊन पाखरासारखा बसला.

इकेन्ना पुढे वाकून ऐकत होता. "चाचा, फिर से बोलो," तो गॉडविनकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला.

चाचांनी पुन्हा सांगितलं.

"मुझे नहीं पता था," इकेन्ना म्हणाला. "मैंने आँख बंद करके मारा था. आज तक नहीं देखा, डर लगता है."

दुआ टॅब घेऊन आली. "आय हॅव द व्हिडिओ. यू बोथ कॅन सी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चाचांनी टॅब तिच्या हातातून घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

युसुफ चाचा वारले शनिवारी, दोन नोव्हेंबर दोन हजार चोवीस रोजी, संध्याकाळी, बिलकीसच्या घरात. त्या दिवशी इकेन्नाचा सामना नव्हता, म्हणून ते आत होते.