एकमताची धास्ती

बिराजदार सर एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात आशीर्वाद द्यायला उठले आणि माईकवर म्हणाले, "तुमचं दोघांचं कधीही एकमत न होवो."

मांडव गार पडला. वधूची आई रडू लागली. सर मात्र शांतपणे उतरून जिलेबीच्या पंगतीला बसले.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. शुक्रवार पेठेत माझ्या शेजारचंच घर त्यांचं. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "शापच दिलात की, सर!"

"शाप कसला? अणूत एका घरात दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात. तेही दोघांची फिरकी उलटसुलट असेल तर. सारखी असेल, तर एकाला तिथं जागाच नाही. निसर्गाचा नियम आहे, माझा नाही."

आतून त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या, "कशाचा नियम? थापा हायेत नुसत्या."

"बघा," सर खुशीत म्हणाले, "घर शाबूत आहे."

सरांनी चहात साखर मागितली की बाई गूळ घालत. वैशाखातल्या दुपारी सर रस्त्याकडची खिडकी उघडत, बाई ती बंद करत.

"उघडा की! सगळ्या पेठेची धूळ घ्या आत."

"मग काय, उकडून मरू?"

पुन्हा उघड, पुन्हा बंद. कडीचा आवाज माझ्या घरात ऐकू येई.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात बाईंना बारीक ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. एका दुपारी सर अनवाणीच माझ्या दारात आले. चेहरा पांढरा पडला होता.

"मी खिडकी उघडली. ती म्हणाली, असू दे उघडी."

मला हसू आलं. "बरंच झालं की!"

"हसू नका. रिक्षा बोलवा."

रिक्षा आणली. बाईंना दवाखान्यात दाखल केलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

महिन्याभराने दुपारी मी सरांकडे गेलो. त्यांनी उठून खिडकी उघडली, स्वतःच चहा करून आणला आणि ते खुर्चीत बसले. चहा गुळाचा होता. काय बोलावं कळेना, म्हणून मी विचारलं, "सर, घरात एकच इलेक्ट्रॉन उरला तर?"

"त्याला कुठलीही फिरकी चालते. अडवणारं कोणी नसतं."

मग ते उठले. "सगळ्या पेठेची धूळ आत येते," म्हणाले आणि खिडकी बंद केली.