बळीरामजी पाणी पीत नाहीत

मोताळ्यातल्या निम्म्या घरांत बळीरामजी तोलारी पाण्याचा थेंब घेत नसत. आणि ही निम्मी घरं नेमकी कोणती, याचा बाहेरून आलेल्या माणसाला काही केल्या पत्ता लागत नसे. वाण्याच्या घरी प्यायचे नाहीत, त्याला लागून असलेल्या न्हाव्याच्या घरी तांब्या रिकामा करायचे. पाटलांच्या ओट्यावर भर चैत्रात घसा कोरडा करून बसायचे आणि तिथून उठून समोरच्या शिंप्याला सांगायचे, "पानी आन बे, जीव चाल्ला." जातपात म्हणावी तर तीही नाही. भांडण म्हणावं तर ज्या घरी पाणी नाही, त्याच घरी तासभर गप्पा. मला मूळचीच नसत्या चौकशांची खोड, त्यामुळे हे कोडं सुटेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

पंचायत समित्या तेव्हा नव्याच निघाल्या होत्या. त्यातल्या मोताळ्याच्या समितीत मला कारकुनाची नोकरी लागली. मी नगरकडचा, बायको सुमन कोल्हापूरकडची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तिची आई मागच्या थंडीत गेली होती, आणि भावाच्या घरून पत्र आलं तर येई. इथली बोली तिला समजत नव्हती आणि तिची इथल्यांना. दिवसभर ती दोन खोल्यांत एकटी असायची. मी ऑफिसातून आलो की शेजारणीच्या एखाद्या शब्दाचा अर्थ मला विचारायची, जणू मी मोठा वऱ्हाडीच.

आम्ही सामान लावतोय तोच बळीरामजी दारात उभे. साठीचे, उंच, काटकुळे. कापसाच्या जिनात तोलारी, म्हणजे वजनकाट्यावरचा माणूस. दिवसभर कापसात वावरून त्यांच्या मिशीला कायम रुईचे तंतू चिकटलेले असत, त्यामुळे खरी पिकलेली मिशी किती आणि कापूस किती ते सांगणं कठीण.

"ओट्याचं तोंड कोनीकडे हाय?" त्यांनी नमस्काराऐवजी विचारलं.

"उगवतीला," मी म्हणालो.

"बकरी पाळता?"

"नाही."

"शेजाऱ्याची येते?"

"ते माहीत नाही."

"मंग तुमाले म्हाईत काय हाय?" असं म्हणून त्यांनी मला सोडलं आणि सुमनकडे वळले. भांडी घासलेलं पाणी कुठे टाकता, सकाळी किती वाजता उठता, मुंग्यांना भिता का, असं बरंच विचारून घेतलं. मग खिडकी उघडून पाहिली, ओट्यावर बसून ऊन कुठवर येतं ते हाताने मोजलं, दोन कप चहा प्यायले, वर पाणी प्यायले आणि "कळवतो" म्हणून गेले. सुमन मला विचारत राहिली, काय कळवतो?

पहिला पाऊस चांगला मुरल्यावर ते पुन्हा आले. कडेवर गेरूने रंगवलेला तेलाचा डबा, त्यात वीतभर मोगरा, डब्याला हळदकुंकू. ओट्याच्या कोपऱ्यात त्यांनी डबा ठेवला, दोनदा जागा बदलली, आणि सुमनला म्हणाले, "लाडाची हाय. पानी कमी द्या, पन बोला तिच्यासंगं." सुमनने तांब्या पुढे केला. त्यांनी दोन्ही हात जोडले. "आता नाई चालत, बाई."

मला रागच आला. परवापर्यंत चालत होतं, आज काय झालं? दुसऱ्या दिवशी ऑफिसात किसन शिपायाला विचारलं, तर तो माझ्याकडे कीव करून पाहायला लागला.

"साहेब, पोरगी देल्ली ना त्याइनं तुमच्या घरी. लेकरू होयेपर्यंत पोरीच्या घरचं पानी बाप कसं पेईन?"

"अरे, पण ते झाड आहे."

"झाडाले लेकरं नाई होत काय? बुडातून नवा फुटवा आला का झालं. मंग पेते बळीरामजी. न्हाव्याच्या घरची जास्वंद मागच्याच साली बाळंत झाली."

अशा रीतीने मोताळ्याचा पाण्याचा नकाशा मला उलगडला. वाण्याकडे कन्हेर दिलेली होती, तिला अजून फुटवा नव्हता. शिंप्याच्या दोन बकऱ्या असल्यामुळे त्याला पोरगी मिळालीच नव्हती. तो बिचारा आजन्म पाणी पाजत बसला होता.

एकदा नाद लागल्यावर मी त्यांच्यावर पाळतच ठेवली. माणसांच्या लग्नसराईत बळीरामजी मोकळे असायचे, त्यांची लग्नसराई पावसाळ्यात. जिनातून ओला कापूस आणायचा, त्यात रोपांची मुळं गुंडाळायची आणि गावभर स्थळं पाहत हिंडायचं. दसऱ्याच्या झेंडूला त्यांच्या लेखी नातं नव्हतं. "पाहुनी हाय ते. आली, जेवली, चालली." थंडीत शेवंती फुलली की ते घरोघर फिरून डब्यांच्या जागा बदलत. कुणाची शेवंती चुलीच्या धुरात असली की सासुरवास म्हणून घरमालकाला चारचौघांत ऐकवत. एका बड्या घरी नवीन बैठक सजवली होती, मुंबईहून आणलेली कागदी फुलं फुलदाणीत लावून. बळीरामजींनी वाकून त्यांचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि घरधन्याला काळजीने म्हणाले, "मले सर्दी झाली वाट्टे." त्या घराला झाड मिळालं नाही. मालकांनी माणूस पाठवून मागितलं, तरी नाही.

आमच्या मोगऱ्याची खबर घ्यायला ते आठवड्याच्या बाजारच्या दिवशी येत. सुमन आता वऱ्हाडी समजू लागली होती, ती त्यांच्याकडूनच. मी नसताना ती मोगऱ्याशी बोलते हे मला किसनने सांगितलं. कोल्हापूरला तिच्या आईच्या न्हाणीमागे मोगरा होता, एवढं तिने मला नंतर सांगितलं.

फाल्गुनात मोगऱ्याला कळ्या धरल्या. आणि चैत्र सरता सरता बळीरामजी हातगाडी घेऊन दारात आले.

"मुराळी आलो. आखाजीले पोरीले नेतो."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस झाला की सण संपला. इथे मात्र सासरी गेलेली प्रत्येक लेक त्या सणाला माहेरी येते. न्यायला मुराळी जातो, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, आणि गावभर पोरींची गाणी चालतात. बळीरामजी आपल्या सगळ्या पोरी त्या दिवसाला घरी आणत. वरून कारण सांगत की उन्हाळ्यात लोकांच्या विहिरी आटतात, आपल्या विहिरीला पाणी आहे. खरं कारण किसनने मला दाराआड सांगितलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मूलबाळ नव्हतं. आखाजीला गल्लीत झोके बांधले की काकू आतून कडी लावून दिवसभर पडून राहायच्या. मग एका वर्षी बळीरामजींनी गावभर दिलेली झाडं गोळा करून अंगणात आणली आणि बाहेरून हाक मारली, "उघड वं, पोरी आल्या." तेव्हापासून त्या घराची कडी आखाजीला लागली नाही.

हे मला ठाऊक होतं, सुमनला नव्हतं. तिने डब्याला मिठीच मारली.

"मी नाही द्यायची," ती म्हणाली. "ऐन कळ्या आल्यात. आणि ही गेली की मी कुणाशी बोलू?"

वाण्याने असं म्हटलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. पण बळीरामजी नुसतं "बरं" म्हणाले आणि गाडी ढकलत गेले. मी सुमनला काकूंची गोष्ट सांगितली. ती ऐकून रात्रभर रडली, तरी सकाळी डबा काही सोडेना. मला दोघांचीही दया येत होती आणि कुणाच्या बाजूने बोलावं ते कळत नव्हतं.

आखाजीच्या सकाळी पुन्हा हातगाडीची चाकं वाजली. गाडी रिकामी होती. बळीरामजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि मिशीतला कापूस बहुधा पहिल्यांदाच निघाला होता.

"सुमनबाई, तुमाले पोरगी एकटी सोडवत नाई, तं तुमी चाला तिच्यासंगं."

"मी?"

"तुमाले न्याले कोन आलं का अजून?"

सुमनने नाही अशी मान हलवली.

"मंग काऊन उभ्या राह्यल्या? उन्हं होऊन राह्यले."

डबा हातगाडीवर, मागे नवं लुगडं नेसलेली सुमन, पुढे मुराळी. अशी वरात बाजारातून गेली. मी संध्याकाळी आणायला गेलो तर अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पाटलांची, वाण्याची, सगळ्यांची झाडं ओळीने, प्रत्येकीला कुंकू. लिंबाच्या झोक्यावर सुमन, आणि तिच्या वेणीत मोगरा माळून काकू मागून झोका देत होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, पुरनपोळी खाऊनच न्या. अन् हे पाहा." डब्यात मोगऱ्याच्या बुडाशी बोटभर नवा फुटवा होता.

बळीरामजी आम्हाला घरापर्यंत सोडायला आले. मी मोठ्या रुबाबात तांब्या भरून आणला. "घ्या आता. फुटवा आला, आता चालतं."

त्यांनी पुन्हा हात जोडले.

"मोगऱ्याचं फिटलं, जावईबापू. पन आता दुसरी हाय ना घरात."

सुमन आत निघून गेली. मी तांब्या परत आत नेऊन ठेवला.

पुढचं वर्षभर त्यांनी आमच्याकडे पाणी घेतलं नाही. बाजारच्या दिवशी येत, ओट्यावर बसत, सुमनची तब्येत विचारत, मोगऱ्याची विचारायची म्हणून विचारत, आणि तहान लागली की शिंप्याकडे जात. दुसरी आखाजीही तशीच गेली, त्यांच्या अंगणात.

आमच्या मुलीचं बारसं जेठाच्या उन्हात झालं. गाव जेवून गेल्यावर बळीरामजी ओट्यावर, मोगऱ्याच्या बाजूला येऊन बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग आत पाहून हाक मारली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच 'बाई' न म्हणता.

"सुमन, पानी आन वं पोरी."

तिने बाळ काकूंच्या मांडीवर दिलं आणि तांब्या आणला. ते थांबत थांबत, डोळे मिटून, सगळा तांब्या प्यायले. मग तो रिकामा तांब्या तिच्यापुढे धरून म्हणाले, "अजून आन."