डावीकडचं फाटक

विचितच्या अठ्ठावीस वर्षांच्या गाडीचा भोंगा दाबला की गप्प बसायचा आणि डावीकडे वळलं की आपण होऊन बोंबलायचा. तेही रोज नाही. मेकॅनिकसमोर मात्र गाडी पाहुण्यांपुढच्या नव्या सुनेसारखी वागायची. विचितने फ्यूज बदलले, बॅटरी बदलली, शेवटी मेकॅनिकही बदलला.

घाटातल्या देवळीपाशी थायलंडमधलं सगळं लाम्पांग शहर भोंगा वाजवून देवाला नमस्कार करतं. विचितने दाबला. शांतता. शेजारी बसलेल्या बायकोने, बुआलोयने, काच खाली केली, हात जोडले आणि स्वतःच म्हणाली, "पीप, पीप!"

"अगं, देवाला कळतं."

"देवाला कळेल हो. आज तुमच्या दादांना कळायला हवं."

गाडी थाविलदादाचीच. "एक नंबर आहे," म्हणून त्याने ती धाकट्याला विकली. महिन्याभरात विचित भाचीच्या लग्नात चारचौघांसमोर म्हणाला, "भंगार गळ्यात मारलंस!" त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. आज सोंगक्रान, म्हणजे नव्या वर्षाचा सण, थोरल्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून माफी मागायचा दिवस. दादा अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. आता पुढच्या वर्षावर ढकलणं बरं नव्हतं.

दादाचं फाटक डाव्या हाताला होतं.

विचित वळला आणि भोंगा लागला. थांबेचना. काठी टेकत दादा फाटकाशी आला.

"थोरल्या भावाला भोंगा वाजवून बाहेर बोलावतोस होय रे?"

विचितने स्टिअरिंग सोडून हात जोडले. गाडी बिघडलीय म्हणावं तर जुनं भांडण सुरू, गप्प बसावं तर नवं.

"चुकलो, दादा!" तो भोंग्याच्या वरताण ओरडला. "मीच वाजवतोय!"

दादाने त्याच्या जोडलेल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"स्टिअरिंगच्या खाली काळी तार आहे. सालपटं निघालेली. वळताना पत्र्याला घासते. ओढ ती."

ओढली. भोंगा बंद.

बुआलोयने पाण्याचा वाडगा पुढे केला. दादाचे हात इतके थरथरत होते की विचितला ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाणी घालावं लागलं.

"तुला ठाऊक होतं, दादा?"

"विकल्यावर आठवलं. सांगायलाच आलो होतो त्या लग्नाला." दादा ओल्या हातांकडे बघत राहिला. "पण आधी तू बोललास."