अखंड वाचन आणि चिंबोऱ्या

बारा वाजून गेले तरी पुंडलिकरावांना वाचन थांबवता येत नव्हते, कारण थांबायचे नाही हा नियम त्यांचाच होता.

पेणच्या रामवाडीतल्या त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने यंदा रोह्याच्या मंडळीबरोबर अख्खे बायबल मोठ्याने वाचून काढायचे ठरवले होते. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, थकला की दुसऱ्याने घ्यावे, एवढाच मूळ बेत. पण पुंडलिकराव पडले मंडळीतले ज्येष्ठ. ते म्हणाले, "पलीकडच्या आळीत सप्ताह बसतो तेव्हा वीणा एकदासुद्धा खाली टेकत नाय. मग आपलं वाचन का तुटू द्यायचं?" झाला नियम: पुढच्याचा आवाज कानावर पडेपर्यंत आधीच्याने थांबायचे नाही. दुसरा नियमही त्यांचाच. वाचणाऱ्याचा मोबाइल प्रार्थनाघरातल्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली घरी. मोह नको.

दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. ते एकत्र चालवून मात्र कोणी पाहिले नव्हते. पेणच्या वाट्याचे बायबलमधले 'निर्गम' हे पुस्तक बाराला संपणार, रोह्याच्या मंडळीतला प्रणित फोन लावून पुढचे 'लेवीय' सुरू करणार आणि त्याचा आवाज ऐकून पुंडलिकराव थांबणार, अशी योजना होती. आणि फोन होता कपाटात.

बाराला कपाट गुरगुरले. पुंडलिकरावांनी त्याच्याकडे असहायपणे पाहिले आणि स्वतःच 'लेवीय' वाचायला घेतले. ऐकायला बसलेली मंडळी हळूहळू जेवायला उठून गेली. कपाट गुरगुरतच राहिले.

खरे तर त्यांना एकच्या आत घरी पोचायला हवे होते. त्यांच्या मुलीला, प्रतिक्षाला पाहायला खाडीकडच्या विमलबाई आपल्या मुलाला, रितेशला घेऊन येणार होत्या. याआधीची स्थळे 'मुलगी छान, पण वडील फार नियमाचे' म्हणून परत गेली होती. एवढ्यात प्रतिक्षाच साडीच्या निऱ्या सावरत धावत आली.

"बाबा, पाहुणे रिक्षातून उतरले! चला ना!"

पुंडलिकराव होमाच्या बोकडाबद्दल वाचत होते. वाचता वाचता त्यांनी कपाटाकडे बोट केले.

"कपाटाचं काय? कोट घालायचाय? राहू द्या, शर्ट बरा हाय."

त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि आणखी मोठ्याने वाचले.

"ओरडू नका. मी त्यांनाच इकडं घेऊन येते."

विमलबाई आल्या त्या हातात ओली पिशवी घेऊनच. "जय ख्रिस्त, पुंडलिकराव! आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्या आणल्यात. अजून चालतायत बघा!"

पुंडलिकरावांनी पिशवीतल्या वळवळत्या खेकड्यांकडे पाहिले. मग पुढच्या ओळीकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. पाण्यातल्या ज्या जिवांना पर आणि खवले नाहीत ते खाऊ नयेत, ते ओंगळ समजावेत, असा तिथला मजकूर होता. नियम तो नियम. त्यांनी वाचले. मजकूरही असा, की एकदा सांगून त्याचे समाधान होत नव्हते.

विमलबाईंचा हात पिशवीवरच थांबला. "रितेश, हे चिंबोऱ्यांना बोलतायत की आपल्याला?"

"आई, ते वाचतायत."

"माझ्याकडं बघून वाचतायत!"

तेही खरे होते. पुंडलिकराव डोळ्यांनी क्षमा मागत होते. पण तोंडाने 'ओंगळ' म्हणत असताना डोळ्यांनी मागितलेली क्षमा नीट पोचत नाही.

"मावशी, त्यांना थांबता येत नाय," प्रतिक्षा काकुळतीला आली. "पुढचा वाचणारा आला की थांबतील."

"आणि नाय आला तर? चल रे, रितेश. ज्या घरात बाप थांबतच नाय, तिथं आपण बोलायचं कधी?"

रितेश दाराकडे वळला नाही. तो पुढे झाला आणि पानावर पुंडलिकरावांच्या बोटापाशी आपले बोट टेकवून त्यांच्या सुरात सूर मिसळून वाचू लागला. पुढच्याचा आवाज कानावर पडला. पुंडलिकराव थांबले.

"विमलताई," स्वतःचे पहिले वाक्य ते बोलले, "चिंबोऱ्या म्हणजे माझा जीव की प्राण! प्रतिक्षा, प्रणितला फोन लाव आधी!"

चौथ्या खेपेला फोन लागला. प्रतिक्षाने आपल्या मोबाइलचा स्पीकर सुरू केला, तर आतून प्रणितचा बसलेला आवाज वाचत होता. बाराला सुरू करायचे म्हणजे बाराला, म्हणून त्याने पेणच्या उत्तराची वाट न पाहता सुरू केले होते आणि एका अंगठ्याने फोन लावणे चालू ठेवले होते. एव्हाना रितेशही त्वचारोगाच्या अध्यायात शिरला होता. दोघांत जेमतेम एका शब्दाचे अंतर. पेणमध्ये अंगावरचा डाग पसरला, की लगेच रोह्यातही पसरत होता.

"आता थांबायचं कुणी?" पुंडलिकराव हताशपणे म्हणाले. यासाठी नियम नव्हता.

"माझं पोर उपाशी हाय!" विमलबाई म्हणाल्या. "रितेश, पुरे!"

रितेश वाचतच राहिला.

"रितेश," प्रतिक्षा हळूच म्हणाली, "बस्स."

रितेश शब्दाच्या मध्यावर थांबला.

विमलबाई लेकाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी ती ओली पिशवी प्रतिक्षाच्या हातात दिली. "घे गो. तुझं ऐकतो हा. चिंबोऱ्यांचा रस्सा जरा तिखट कर."

पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आले. तरी न राहवून ते पुटपुटले, "पण इथलं वाचन तुटलं की गो!"

"नाय तुटलं, बाबा." प्रतिक्षाने फोन पुढे धरला. "रोह्यात चालू हाय. ऐका."

सगळे ऐकू लागले. प्रणितचा आवाज संथपणे, त्याच सुरात येत होता. याजकाने तो डाग तपासावा, आणि सात दिवसांनी पुन्हा तपासावा, आणि त्या चिंबोऱ्यांतल्या दोन रोह्यालाही पाठवाव्यात...

पुंडलिकरावांनी दचकून पानावर बोट फिरवले. तसे वचन तिथे नव्हते. पण वाचन तुटलेले नव्हते, म्हणून त्यांनी प्रतिक्षाला खुणेनेच दोन चिंबोऱ्या वेगळ्या काढायला सांगितले.