गिराम डॉक्टर आणि पान्हा चोरणारी म्हैस

गिराम डॉक्टर गोठ्यात आले की आधी जनावराला हात लावत नाहीत. एक घमेलं उपडं घालतात, त्यावर बसतात आणि नुसतं बघत राहतात. मालक काही सांगायला लागला की त्याला गप्प करतात. "पेशंटला बोलू द्या," म्हणतात.

आमच्या पिंगळीत असा जनावरांचा डॉक्टर टिकणं अवघडच. इथे सुई टोचली तरच इलाज झाला असं मानतात, आणि दोन टोचल्या तर डॉक्टर हुशार. हे मात्र बघून झालं की मालकालाच प्रश्न विचारणार. जागा बदलली का, गडी नवा आहे का, घरात भांडण झालं का. एका पुढाऱ्याच्या बैलाने चारा सोडला तेव्हा यांनी सांगितलं, की साहेब गोठ्याशेजारी भाषणाचा सराव करतात तो बंद करा. बैल खायला लागला आणि पुढारी डॉक्टरांच्या बदलीच्या मागे लागले.

माझी बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि आमची म्हैस बिथरली. धार काढायला बसलो की लाथ. रेडकू सोडलं तरी पान्हा चोरायची. कुणी म्हणालं दृष्ट लागली. किराणा दुकानदार दूध उतरवायचं इंजेक्शन आणून देतो म्हणाला. माझा गुडघा तोवर टम्म सुजला होता. येत्या बाजारात तिला विकायची, असं मी ठरवून टाकलं.

विकण्याआधी एकदा गिराम डॉक्टरांना बोलावलं. त्या इंजेक्शनचं नाव काढताच ते भडकले. मग घमेल्यावर बसले, मला धार काढायला लावली आणि मी लाथा खात असताना अगदी शांतपणे बघत राहिले. "बगा, बाकीच्या सडांना गप उभी हाय. मागच्या डाव्या सडाला हात लागला की मारायलीय. ही मस्ती न्हाई, दुखणं हाय." कास चाचपली तर दगडी सुरू झाली होती, त्या सडाशी कास सुजून कडक लागत होती. औषधाने सूज उतरली, लाथा थांबल्या. पान्हा मात्र सोडेना.

डॉक्टर परत आले, परत बसले. दुखणं गेलं पण भीती राहिली, म्हणाले. भ्यालेलं जनावर दूध वर धरून ठेवतं. वहिनी धार काढताना काय करायच्या, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. शिव्या द्यायची. म्हशीला, आणि मधूनमधून मला.

त्यांनी लगेच पुण्याला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. "अगं सटवे, माझ्या माघारी काय थेरं लावलीस," इथून बायकोने सुरुवात केली. म्हशीने कान टवकारले, रवंथ सुरू केला, आणि बादलीत धार वाजायला लागली. बाजार रद्द झाला. मी ऐटीत वळलो, तर डॉक्टर मान खाली घालून फोन ऐकत बसले होते.

उठताना म्हणाले, "रोज लावत जा फोन. आमच्या घरी आता रागवायला कुणी न्हाई."

त्यांची बायको गेल्या पावसाळ्यात वारली होती. फोन अजून चालूच होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हैस बघायला आले. ती ठणठणीत होती. फोनवरून तिच्यावर ओरडून झाल्यावर बायको मला म्हणाली, फोन डॉक्टरांकडे द्या.

"डॉक्टर, जेवलाव का दुपारी? खरं सांगा. रोज हॉटेलातलं खायलाव म्हणं. जिवाची काही काळजी हाय का न्हाई तुमाला?"

ती बराच वेळ रागावत होती. डॉक्टरांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "व्हय वहिनी, व्हय वहिनी," एवढंच म्हणत होते, आणि रडत होते.